लिहिणं आटलं की आधी ऐकावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लेखकांनी आपली प्रतिभा पुन्हा ताजीतवानी कशी करावी, या विषयावर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला. डोंगरात चार दिवस जाऊन राहावं, समुद्रकिनारी फिरावं, मोबाइल बंद ठेवावा, नवी शहरं पाहावीत, पहाटे उठून मनात येईल ते कोऱ्या वहीत उतरवावं, असं त्यात सांगितलं आहे. ज्यांना हे जमतं त्यांनी जरूर करावं. पण आमच्या साक्री, नवापूर, शिरपूर, चोपडा, रावेर या पट्ट्यात लिहिणारी माणसं कोण आहेत? जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, एसटीचे वाहक, अंगणवाडीच्या ताई, केळीच्या बागेत रात्रीचं पाणी धरणारे शेतकरी, पतपेढीतले कारकून. यांना चार दिवसांची रजा मिळाली तर ती लग्नसराईत जाते, नाहीतर दवाखान्यात. त्यांचं लिहिणं आटलं तर त्यांनी काय करावं, याचं उत्तर मला त्या लेखात सापडलं नाही. ते माझ्या परीनं द्यावं म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे, पण विषय माझ्या जिवाभावाचा आहे.

मी साक्रीला तहसील कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहून देतो. वारस नोंद, फेरफार, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डातलं नाव कमी करणं किंवा वाढवणं, बांधाची तक्रार, निराधार योजनेचा अर्ज, हे माझं रोजचं काम. आधी हातानं लिहायचो, मग टाइपरायटर आला, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. रात्री जेवणं झाल्यावर कथा लिहितो. काही दिवाळी अंकांत छापून आल्या आहेत. गावात मला लेखक म्हणून ओळखणारे थोडे आणि अर्जवाला म्हणून ओळखणारे पुष्कळ, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण माझं लिहिणं त्या टेबलावरच पुन्हा जिवंत झालं.

मधली काही वर्षं ते पूर्ण बंद पडलं होतं. वही उघडून बसायचो, वाक्यच उठायचं नाही. एखादं उठलंच तर ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' या चालीचं. दिवसभर हात ज्या वळणानं चालायचा त्याच वळणानं रात्री चालायचा. वाचून पाहिलं, फिरून पाहिलं. एका मित्रानं आग्रह केला म्हणून तोरणमाळलाही जाऊन आलो. तोरणमाळ सुंदरच आहे. मन हलकं झालं, लिहिणं मात्र होतं तिथंच राहिलं. तलावाकाठी बसूनही मला माझाच आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजाकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अशात पांझरेकाठच्या एका गावची एक म्हातारी आली. नवरा वारला होता, सातबाऱ्यावर तिचं नाव लावायचं होतं. मी विचारलं, "आजी, गट नंबर काय?" तिला तो ठाऊक नव्हता. ती टेबलाला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "भाऊ, मन्हं सम्द लिखी ले, काहीच सोडू नको." आणि सांगायला लागली. बहात्तरच्या दुष्काळात दोघं नवराबायको खडी फोडायला कसे जायचे, त्या पैशातून साठवून पुढे विहीर कशी खणली, उगवतीच्या बांधावरची बोर कुणी लावली, पहिला आंडोर म्हणजे मुलगा कोणत्या निंबाखाली झोळीत निजायचा, मावळतीच्या शेजाऱ्यानं दर पेरणीला नांगराचं एकेक तास आत कसं घेतलं. तिच्या बोलण्यात हेक्टर आणि आर कुठंच नव्हते, चतुःसीमा मात्र अशी पक्की होती की मोजणीवाल्यानं मान डोलवावी. अर्जात त्यातलं काय गेलं? 'मयताचे कायदेशीर वारस म्हणून अर्जदाराचे नाव दाखल होणेस विनंती आहे.' एवढंच. आणि तेच जायला हवं होतं. तलाठ्याला बोरीचं झाड नको असतं.

त्या रात्री मी कथा लिहायला बसलो नाही. म्हातारी जे बोलली ते आठवेल तसं, तिच्याच अहिराणीत, तिच्याच क्रमानं लिहून काढलं. त्याची कथा करायची नव्हती, कुठं पाठवायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचं बोलणं, मग तिसऱ्याचं. असं बरेच दिवस चाललं. मग केव्हातरी लक्षात आलं, की माझ्या वाक्यांतला 'अनुसरून' गेला आहे आणि हात सैल झाला आहे. त्यानंतर आलेली कथा म्हातारीची नव्हती, जमिनीचीही नव्हती. ती एका शिंप्याची होती. पण त्या शिंप्याला बोलता येत होतं.

यातून मी काय शिकलो ते थोडं उलगडून सांगतो, कारण 'लोकांत मिसळा' एवढं सांगून भागत नाही. लोकांत तर आपण सगळेच असतो.

सांगणाऱ्याचा क्रम हा मला सर्वांत मोठा धडा वाटतो. आम्ही लिहिणारे प्रसंगाची सुरुवात, मध्य, शेवट असा विचार करतो. माझ्या टेबलासमोर बसणारा माणूस तसा सांगत नाही. दोन भावांच्या वाटणीचा वाद असतो. मी विचारतो, वाटणी कधी झाली? तो माणूस साल सांगत नाही. तो सांगतो, की एका श्रावणात कानबाईचे रोट दोन चुलींवर झाले. आपल्याकडे कानबाई या देवीच्या नैवेद्याचा रोट भाऊबंदकीतच खातात, बाहेरच्याला देत नाहीत, हे माहीत असलेल्या माणसाला या एका वाक्यात सगळी फाटाफूट कळते. कोण रडलं, कोण जिन्यात थांबून राहिलं, कुणी रोटाचं ताट परत पाठवलं, हे तो पुढे सांगतो, आणि जमीन किती होती ते सर्वांत शेवटी. हा क्रम मला स्वतःहून कधीच सुचला नसता. तो ऐकावाच लागतो, आणि ऐकताना मध्ये बोलायचं नसतं.

दुसरं शिकलो ते थांबणं. माणूस मुद्द्याचं सांगून झाल्यावर बहुतेक वेळा उठत नाही. अर्जाचे पैसे देतो, पिशवीची गाठ मारतो, परत सोडतो, आणि मग जे बोलतो ते खरं असतं. पूर्वी मी त्या वेळी पुढच्या माणसाला हाक मारायचो. आता मारत नाही.

एक पथ्य मात्र मी कडक पाळतो आणि नव्या लिहिणाऱ्यांनीही पाळावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. लोक माझ्याजवळ बोलतात ते अर्जासाठी, विश्वासानं. त्यांचं दुःख उचलून कथेत घालायचा मला अधिकार नाही. मी घटना घेत नाही, नाव-गाव घेत नाही. चाल घेतो, वस्तूंची नावं घेतो, बोलताना माणूस कुठं थबकतो ते घेतो. कानाला वळण लागलं की घटना आपल्या आपण मिळतात, त्यासाठी कुणाचं घर फोडावं लागत नाही. हल्ली कुणाचंही बोलणं गुपचूप मोबाइलवर रेकॉर्ड करून 'साहित्यासाठी सामग्री' म्हणून जमवणारे तरुण मला भेटतात. मला ते पटत नाही. विचारून करा. आणि शक्य असेल तर रेकॉर्ड न करता आठवणीतून लिहा. जे आठवतं तेच आपल्यात मुरलेलं असतं.

हा एका अर्जवाल्याचा अनुभव म्हणून कुणी बाजूला सारू नये, म्हणून आपल्या खान्देशातलीच थोर उदाहरणं देतो.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. दर रविवारी एक अध्याय, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवारी अठरा अध्याय. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. गुरुजी तेव्हा काही कोरे नव्हते. अमळनेरच्या शाळेत शिकवताना विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित दैनिक काढणारा तो माणूस. पण त्या चार महिन्यांत त्यांनी आपलं लेखन बाजूला ठेवून रविवारचा वेळ दुसऱ्याच्या वाक्याला दिला, आणि असा दिला की आज 'गीता प्रवचने' वाचताना विनोबांचा स्वर कानाशी येतो. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहिली. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही, मीही करू शकत नाही. पण रोज दुसऱ्याचं बोलणं उतरवणारा माणूस म्हणून मला तो संबंध दिसतो. आईचं बोलणं, तिचं रागावणं, तिचं समजावणं त्या पुस्तकात ज्या साधेपणानं येतं, तो साधेपणा एकट्यानं बसून सुचत नाही.

दुसरं उदाहरण कवयित्री बहिणाबाई चौधरींचं. असोद्याची लेक, जळगावची सून. अक्षरओळख नाही. जात्यावर बसून, शेतात काम करता करता त्या गायच्या. त्यांना कुणी चार दिवस डोंगरात नेलं नव्हतं. घरोट म्हणजे जातं, मोट, चूल, खोपा करणारी सुगरण, हेच रोजचं डोळ्यांसमोर होतं आणि तेच गाण्यात आलं. पण या गोष्टीतली दुसरी बाजू आपण फारशी सांगत नाही. त्यांची गाणी टिकली ती त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ऐकून लिहून घेतली म्हणून. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि गाणी पुस्तकरूपानं १९५२ मध्ये आली. ऐकणारा कान घरात नसता तर ती पिठाबरोबरच संपली असती. सोपानदेव स्वतः कवी होते, तरी आपल्या कवितेच्या आधी त्यांनी आईचा शब्द ठेवला. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. त्या विद्यापीठाच्या परिसरात किती विद्यार्थी आपल्या आजीचं बोलणं लिहून ठेवतात, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आता कुणी म्हणेल, ऐकायला तरी बाहेर पडावंच लागतं. तर चाळीसगावच्या केकी मूस यांची आठवण करून देतो. स्टेशनजवळच्या बंगल्यात या कलावंतानं आयुष्यातली कितीतरी दशकं जवळजवळ कोंडून घेऊन काढली. बाहेर पडले ते अगदी मोजक्या वेळा. तरी त्यांची कला आटली नाही. टेबलावर मीठ, कापूस, काड्या, खेळण्यातली घरं मांडून त्यांनी बर्फातल्या गावांची छायाचित्रं काढली. माझं लक्ष वेधतं ते असं, की ते एकाच कामाला चिकटून बसले नाहीत. छायाचित्रण थांबलं की रेखाटन, मग लाकूडकाम, मग शिल्प, कागदाच्या घड्या, मग संगीत. त्या दशकांत प्रवास त्यांनी केला नाही, पण हाताला काम बदलून दिलं.

मला हे समजायला सोपं गेलं, कारण मी पांझरेच्या खोऱ्यातला. आमच्याकडची जुनी फड पद्धत बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात सगळ्या शेतकऱ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पीक वर्षागणिक या फडातून त्या फडात फिरवायचं. पाणी पाटकरी वाटणार, कुणी मधूनच पाट फोडायचा नाही. ऊस घेतलेल्या जमिनीत लागोपाठ ऊस घेत राहिलं तर जमीन दमते, हे आमच्या पूर्वजांना शेकडो वर्षांपूर्वी कळलं होतं. लिहिणाऱ्यानंही असंच पीक फिरवावं असं माझं मत आहे. कथा आटली म्हणून लिहिणंच सोडू नये, आणि कथेच्याच मागे हात धुऊनही लागू नये. मधलं एखादं वर्ष वेगळं काही लिहावं.

मी काय केलं ते सांगतो. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांचं नाटुकलं लिहिलं. त्यात मुलांना पाठ होतील अशीच वाक्यं चालतात, मोठी वाक्यं मुलं स्वतःच तोडून टाकतात, आणि त्यांनी तोडलेलं बहुतेक वेळा चांगलं असतं. आत्याकडून कानबाईची गाणी उतरवून घेतली. आणि एकदा घरात मांडे, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या, होत होते, तेव्हा मांडा कसा करतात हे लिहायचं ठरवलं. असं लिहायचं, की ज्यानं आयुष्यात मांडा पाहिला नाही त्याला वाचून करता यावा.

हे वाटतं तितकं सोपं नाही. पीठ किती सैल मळायचं, पुरण किती भरायचं, इथपर्यंत ठीक चाललं. पण पुरण भरलेली ती लाटी बायको दोन्ही हातांवर घेऊन झुलवायला लागली, पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे, आणि ती पातळ होत होत मोठी होत गेली, तेव्हा माझी वाक्यं संपली. मी विचारलं, आता खापरावर टाकायचा हे तुला कसं कळतं? ती म्हणाली, "कडा मनगटाखाली लोंबायला लागली की. पण मधे जड वाटायला नको. मधे जड वाटलं तर अजून एक झोका." मी विचारलं, फाटला तर? तिनं उत्तर दिलं नाही, पालथ्या खापरावर मांडा अलगद उतरवला, कडा सारख्या केल्या आणि विस्तव मागे ओढला. मला ते एक पान लिहायला एक आठवडा लागला. 'अलगद' हा शब्द मी तीनदा खोडला, कारण त्यानं काहीच कळत नव्हतं. शेवटी कोणता हात आधी खाली जातो ते लिहिलं. त्या पानानं मला जे शिकवलं ते कोणत्याही कार्यशाळेत मिळालं नसतं. ज्याला वाटतं आपल्याकडे लिहायला विषय नाही, त्यानं आपल्या घरात रोज होणारं एक हातकाम असं लिहून पाहावं. तुरीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजणं घ्या, केळीचा घड कापून खांद्यावर घेणं घ्या, पंक्चर काढणं घ्या.

थकवा आणि आटणं यांत फरक आहे, हेही सांगायला हवं. घरात आजारपण असेल, डोक्यावर कर्ज असेल, झोप नसेल, तर आधी ते निस्तरावं. तिथं मी उपदेश करणार नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा दुपारी कुणी लिहू शकत नाही आणि रात्रीही खोलीत बसवत नाही. सगळी आळी गच्चीवर असते. बायका पहाटे बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड घालायला उठतात, अंधारातच पातेलं उतरवून एकमेकींशी बोलत असतात. त्या दिवसांत मी वही उघडत नाही. उताणा पडून ऐकतो. ते दिवस फुकट गेले असं मला कधी वाटलं नाही.

वाचनाबद्दल थोडं. आटलेल्या माणसानं नवं पुस्तक हातात घ्यायच्या आधी जुनं आवडतं पुस्तक मोठ्यानं वाचावं, घरातलं कुणी ऐकत असेल तर फारच उत्तम. डोळे वाक्यावरून घसरतात, जीभ घसरत नाही. आणि जमलं तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात अर्धा दिवस बसून यावं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या पश्चात लगेच हे मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं बावीस खंडांत छापली. त्यातली पत्रं इतिहासासाठी वाचतात, पण लिहिणाऱ्यानं ती माणसांसाठी वाचावीत. पैसे पोचले नाहीत, बैल मेला, अमक्यानं शब्द मोडला, अशी गाऱ्हाणी त्या जुन्या कागदांत आहेत. माझ्या टेबलावर रोज येतात तीच. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली हस्तलिखितं आहेत. बाजारहाटाला, कोर्टाच्या कामाला आपण धुळ्याला जातोच. त्याच फेरीत हे होतं, वेगळी रजा लागत नाही.

पण गावातल्या वाचनालयांचं काय? आमच्या भागातली कितीतरी अनुदानित वाचनालयं सकाळी थोडा वेळ उघडतात आणि संध्याकाळी, जेव्हा शिक्षक, मजूर, दुकानदार मोकळे होतात, तेव्हा कुलूप असतं. ग्रंथपालांना मी दोष देत नाही. त्यांना मिळणारं वेतन इतकं तुटपुंजं आहे की त्यांनी दुसरं काम केल्याशिवाय चूल पेटत नाही. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, तपासणी आहे, दप्तर आहे. तपासणीत पुस्तकं आणि वर्गणीदार मोजले जातात, तसं एकदा संध्याकाळी सात वाजता दार उघडं आहे का हेही पाहावं, आणि त्यासाठी लागणारा पगार द्यावा. लेखकाला प्रेरणा कुठून मिळते यावर परिसंवाद भरवण्यापेक्षा हे काम मला अधिक निकडीचं वाटतं.

एक नवी काळजीही आहे. अलीकडे माझ्या टेबलावर तरुण मुलं येतात ती मोबाइलवर तयार अर्ज घेऊनच. यंत्राला सांगितलं की अर्ज बनतो, मी फक्त प्रिंट काढून देतो. अर्ज बिनचूक असतो, माझ्यापेक्षाही बरा असतो. माझं उत्पन्न थोडं घटलं, त्याचं मी बघून घेईन. पण त्या मुलाबरोबर आलेली आई आता टेबलाला टेकून बसत नाही. तिला कुणी काही विचारतच नाही. जे सांगायचं होतं ते पोटात घेऊन ती परत एसटीत बसते. कविता, कथासुद्धा आता अशाच तयार मिळू लागल्या आहेत, आणि माझ्या ओळखीतले काही लिहिणारे सुचेनासं झालं की तिकडे वळतात. मी त्यांना एवढंच सांगतो, की आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसा, मग काय ते ठरवा. यंत्रापाशी पुष्कळ असेल, पण तुमच्या आईनं रोट दोन चुलींवर झाल्याचं तुम्हाला कधी सांगितलेलंच नाही. ते त्याच्यापाशीही नाही आणि अजून तुमच्यापाशीही नाही.

म्हणून, संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक ठोस मागणी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. १९५२ नंतर पुन्हा तो मान अमळनेरला मिळाला. मीही गेलो होतो. भाषणं ऐकली, पुस्तकं घेतली. मंडपाबाहेर चहाच्या टपरीवर अहिराणी, तावडी, लेवा बोली, गुजरी, भिलोरी असं सगळं एकाच वेळी कानावर पडत होतं, आणि त्यातलं फार थोडं कुठं छापून येतं. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला अर्धं पान 'ऐकलेलं' यासाठी ठेवावं. वाचकांनी आपल्या घरातल्या, गल्लीतल्या माणसाचं बोलणं, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर म्हटलेली गाणी, जात्यावरच्या ओव्या, आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ऐकलेली कथा, एखाद्या कामाची रीत, त्या माणसाच्या संमतीनं लिहून पाठवावी, आणि आपण ती छापावी. बक्षीस नको, परीक्षक नको, क्रमांक नको. ज्यानं सांगितलं त्याचं नाव वर, ज्यानं लिहून घेतलं त्याचं खाली. असं वर्षभर चाललं तर खान्देशात नवं लिहिणारे किती निघतात ते पाहा. आणि जे जुने आटले आहेत तेही या निमित्तानं कुणासमोर तरी गप्प बसून ऐकतील. आता ऐकलं नाही तर पुढे ऐकायचं कुणाचं? ज्या बायकांनी खरोखर जात्यावर दळलं त्यांच्यातल्या फार थोड्या उरल्या आहेत.

सुरुवात म्हणून आत्याकडून उतरवून घेतलेली कानबाईची तीन गाणी सोबतच्या पाकिटात पाठवत आहे. आत्याला विचारलं आहे, तिची हरकत नाही. फक्त नाव छापताना माहेरचं आडनावही लावा, असं तिनं बजावून सांगितलं आहे. गाण्यांतली अहिराणी कृपया 'शुद्ध' करू नये. जिथं शब्द लागत नसेल तिथं मला फोन करा, मी तिला विचारून सांगेन. दुपारी दोन ते चार ती झोपते, तेवढी वेळ सोडून.

आपला नम्र,
एक अर्जलेखक,
साक्री, जि. धुळे